मदत हवी आहे : पीएच.डी.नंतर औषध कंपनीत नोकरी
सप्रेम नमस्कार. सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. झाल्यावर प्राध्यापक भरतीची वाट पाहण्यापेक्षा औषधनिर्मिती कंपनीच्या संशोधन विभागात काम करावे, असे मी ठरवले आहे. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील एका मुलाखतीत ‘शिक्षण जास्त, प्लांटचा अनुभव शून्य’ असे ऐकवले गेले. त्यात तथ्य आहे, कारण मी काही ग्रॅमच्या पलीकडे अभिक्रिया केलेली नाही आणि मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता, ढवळणे, अशुद्धी यांचे गणितच बदलते. एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे उपकरण) मात्र रोज स्वतः हाताळले आहे. तेव्हा बायोडेटात शोधनिबंध आधी द्यावेत की हे कौशल्य? एम.एस्सी.च्या पगारावर सोलापुरातच (आईवडील येथेच असतात) सुरुवात करावी, की थेट हैदराबादला अर्ज करावेत? या क्षेत्रातील अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.