नोकरीच्या धावपळीत रोजचं ध्यान: तुमचे अनुभव लिहा

दिवसाचे दहा-बारा तास कामात जातात, त्यात ध्यान बसवायचं कसं, हे इथे एकमेकांना सांगू या. ध्यानाचे फायदे भरपूर वाचून झालेत, ते नकोत. कधी बसता, कुठे बसता, घरचे काय म्हणाले, खंड पडल्यावर पुन्हा कसे बसलात, ते लिहा. विपश्यना (श्वास आणि अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहायचं ध्यान), नामजप, नुसता श्वास, काहीही चालेल.

सुरुवात मी करते. मी एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम बघते. विपश्यनेकडे मला ओढलं ते सयाजी ऊ बा खिन यांनी. भारतात विपश्यनेची शिबिरं सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचे हे गुरू. ब्रह्मदेश 1948 साली स्वतंत्र झाला तेव्हा ते तिथले महालेखापाल झाले. सरकारचे हिशेब सांभाळत त्यांनी आपल्या कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवलं आणि 1952 साली रंगूनमध्ये केंद्र उभं केलं. नोकरी सोडून नव्हे, नोकरीत राहून. गोएंका स्वतः व्यापारी होते, अर्धशिशीने हैराण होऊन 1955 साली त्यांच्याकडे गेले. तेव्हा नुसत्या डोकेदुखीसाठी येत असाल तर हा मार्ग त्यासाठी नाही, असं त्यांना आधी सांगितलं गेलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण बहुतेक जण ताण घालवायलाच येतो आणि चार दिवसांत ताण गेला नाही की उठतो.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरं होतात. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, दिवसभर बैठक. तिथे ध्यान होतंच, दुसरं काही करायचंच नसतं. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. सकाळी मी बसते, सगळे उठायच्या आधी. संध्याकाळी घरी पाऊल टाकलं की स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास, म्हणून ऑफिस सुटल्यावर तिथल्याच फायलींच्या खोलीत वीस मिनिटं बसते आणि मग निघते. जुलैत रिटर्न, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट. त्या दिवसांत सकाळचा तास अर्ध्यावर येतो. अर्धा तरी ठेवायचाच, हे मी ठरवून टाकलंय, कारण पूर्ण सुटलेलं परत धरायला महिने लागतात.

*

मी परिचारिका, अतिदक्षता विभागात. ‘पहाटे उठून बसा’ हा सल्ला आमच्या कामाचा नाही. एक आठवडा मॉर्निंग, पुढचा नाईट, घड्याळावर भरवसा ठेवून काही होत नाही. म्हणून मी वेळ न धरता आंघोळ धरली. ड्यूटीवरून आले की आंघोळ, आंघोळ झाली की लगेच आसन, मधे फोन नाही, चहा नाही. फक्त नाईट असेल तर आधी झोप, कारण रात्रभर जागून बसलं की डोळा लागतो. एक ते दहा श्वास मोजते, चुकलं की परत एकपासून. सुरुवातीला डोळे मिटले की मॉनिटरचे आवाज कानात वाजत. आता वाजले तर वाजू देते.

दुपारची पाळी नसली की संध्याकाळी सासूबाई देवापाशी हरिपाठ म्हणतात, त्यांच्या शेजारीच बसते. त्यांचा हरिपाठ चालू, माझे डोळे मिटलेले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “बरं नाही का गं?” आता मला उशीर झाला तर त्या थांबतात.

*

हिंजवडी, आयटी. वर परिचारिका ताईंनी लिहिलंय ते अगदी पटलं. माझंही घड्याळ हलतं. अमेरिकेतल्या क्लायंटची सकाळी साडेनऊची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला असते, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की आठला. दर वर्षी त्याच सुमारास माझं संध्याकाळचं बसणं मोडायचं. आता मीटिंगच्या आधी पंधरा मिनिटं असं बांधून घेतलंय, मीटिंग सरकली की तेही सरकतं. मोबाईलवरचं ध्यानाचं अॅप काढून टाकलं. फोन हातात आला की ऑफिसचे मेसेज दिसतातच. घरातलं जुनं गजराचं घड्याळ लावतो, फोन दुसऱ्या खोलीत.

*

विरार ते चर्चगेट. उभं राहून नामजप, बोटांच्या पेरांवर. माळ काढायला जागा नसते. गर्दीत नाम जास्त घट्ट लागतं असा माझा अनुभव आहे.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ‘मित्र’ उपक्रमामुळे आमच्याकडे परिपाठाला जोडून मुलं दहा मिनिटं आनापान करतात, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. मुलांबरोबर मीही बसायला लागले. पोरं एक डोळा उघडून आजूबाजूला बघतात, पण वर्ग शांतपणे सुरू होतो हे नक्की.

मे महिन्यात मात्र माझं सगळं थांबायचं. सवय शाळेच्या घंटेला लागली होती, घरी घंटा नाही. शेवटी माझ्या मुलीने उपाय काढला. सुट्टीतही ती त्याच वेळी मला हाक मारते आणि शेजारी बसते. ऑनलाइन माहिती, प्रशासनाचे रकाने, बदलीची टांगती तलवार, या सगळ्यात दिवसाची एवढी दहा मिनिटं माझी स्वतःची आहेत.

*

माझा अनुभव वेगळा आहे, तरी लिहितो. छोटा कारखाना आहे. कोविडमध्ये वडील गेले, त्यानंतर कुणीतरी सुचवलं म्हणून डोळे मिटून बसायला लागलो. शांत बसलं की छाती आवळून यायची, हात गार पडायचे. लोक म्हणत, “बसत राहा, निघून जाईल.” नाही गेलं, वाढलं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं आणि काही काळ डोळे मिटून बसणं बंद करायला सांगितलं. त्याऐवजी कारखान्याच्या अंगणात सावकाश चालायचो, लक्ष तळपायांवर. बऱ्याच काळानंतर पुन्हा बसू लागलो, थोडा वेळ, डोळे अर्धे उघडे. शिबिराच्या अर्जात मानसिक त्रास आणि औषधं याबद्दल विचारतात. तिथे खरं लिहा, लपवू नका. ध्यान चालू केलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

*

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हा अनुभव सगळ्यांनी वाचायला हवा, विशेषतः दुसऱ्याला ‘तू बसून तर बघ’ म्हणणाऱ्यांनी.

दोघांनी गुडघ्यांबद्दल विचारलंय. मांडी घालायलाच हवी असं नाही, खुर्चीवर बसा, पाठ ताठ ठेवा, पाय जमिनीला टेकलेले. त्रास असेल त्यांना शिबिरातही खुर्ची मिळते.

एसटीचे चालक-वाहक, पोलीस, दुकानदार, अंगणवाडीच्या ताई यांच्यापैकी कुणीच अजून लिहिलेलं नाही. तुम्ही कधी बसता?