ऑक्सिजन लावूनही ओठ निळे, आणि उतारा म्हणून निळंच औषध?

शाईपेन:
धाकट्या बहिणीला त्वचेच्या विकारासाठी डॅप्सोन चालू आहे. परवा तिचे ओठ आणि नखं राखाडी-निळी दिसायला लागली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८६. मास्कमधून भरपूर ऑक्सिजन दिला तरी आकडा ८५-८६ च्या वर जाईना. रक्त घेतलं तेव्हा मी शेजारीच होते, सिरिंजमध्ये चॉकलेटी तपकिरी रक्त आलं! मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन धरू न शकणारं, बिघडलेलं हिमोग्लोबिन) ३४ टक्के निघालं. शिरेतून मेथिलीन ब्लू दिल्यावर तासाभरात ओठ गुलाबी झाले.
आज प्रमाण परत चढतंय म्हणून दुसरा डोस द्यायचं चाललंय. उतारा लागू पडला होता, मग परत का? आणि दुसरा डोस देणं बरं का? ती एस्सिटालोप्रामही घेते, ते केसपेपरवर आहे की नाही कोण जाणे.

भूलवाला:
बाकी सगळं नंतर वाचा. आधी उठून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना एस्सिटालोप्रामबद्दल सांगा. मेथिलीन ब्लू हे एमएओ-ए या, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. नैराश्यावरच्या अशा, सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत ते दिलं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: ताप, थरथर, स्नायू आखडणं, गोंधळल्यासारखं बोलणं. म्हणून औषध देताच येत नाही असं नाही, जिवावर बेतलं असेल तर देतात. पण ते डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे, म्हणजे पेशंटवर तसं लक्ष राहतं.

शाईपेन:
सांगून आले. केसपेपरवर नव्हतं. गोळी थांबवलीय, मॉनिटर लावलाय.

भूलवाला:
छान. आता बाकीचं.
हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस असेल तरच ऑक्सिजन धरतं. यकृतात डॅप्सोनपासून हायड्रॉक्सिलअमाइन बनतं आणि त्याच्यामुळे हे लोह एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक होतं. ते मेथहिमोग्लोबिन. त्याला ऑक्सिजन चिकटत नाही, आणि उरलेलं चांगलं लोह आपला ऑक्सिजन इतका घट्ट धरतं की पेशींना तो मिळणं मुश्कील होतं. फुप्फुसं ठणठणीत असतात, त्यामुळे मास्कचा जोर वाढवून फारसं काही साधत नाही. ऑक्सिमीटर दोन तरंगलांबींचा प्रकाश सोडतो आणि मेथहिमोग्लोबिन दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात शोषतं, म्हणून आकडा ८५ च्या आसपास अडकतो. खरं चित्र को-ऑक्सिमेट्री या रक्ताच्या तपासणीतच दिसतं, तुमचे ३४ टक्के त्यातलेच असणार.
मेथिलीन ब्लू लाल पेशीत गेल्यावर एनएडीपीएच या तिथल्या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेतं, रंगहीन होतं आणि तो इलेक्ट्रॉन फेरिक लोहाला देऊन टाकतं. लोह पुन्हा फेरस. एनएडीपीएच बनवायला जी६पीडी एन्झाइम लागतं. ते कमी असलं तर औषध चालत नाही, वर लाल पेशी फुटतात. डॅप्सोन सुरू करण्याआधी ही तपासणी बहुधा करतात, तिचा जुना रिपोर्ट शोधून ठेवा.
आता परत का चढलं? डॅप्सोन शरीरात रेंगाळतं, त्याचा अर्धायुकाल (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ३० तास. उतारा ओसरतो आणि मूळ औषध आपलं काम चालूच ठेवतं. म्हणून डॅप्सोनच्या केसमध्ये दुसरा डोस लागण्यात नवल काही नाही. नेहमीचं माप वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, पाचेक मिनिटांत सावकाश. सगळे डोस मिळून किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण जास्त झालं तर हेच औषध उलटं फिरून मेथहिमोग्लोबिन बनवतं.

रात्रपाळी:
नर्स आहे, दोनच गोष्टी सांगते, कारण नातेवाईक याच दोन गोष्टींनी हादरतात. औषध जाताना ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ धाडकन खाली येतो. निळा रंग त्या प्रकाशाच्या आड येतो, पेशंट बिघडलेला नसतो. आणि लघवी हिरवी-निळी होते. बहिणीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाथरूममधून किंचाळेल. सलाइनची जागा दुखली किंवा सुजली तर मात्र लगेच बोलवा, औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीला इजा होते.

साधासरळ:
कपड्याच्या रंगाचं रसायन शिरेत घालण्यापेक्षा क जीवनसत्त्व द्या की! नैसर्गिक आहे.

भूलवाला:
देतात की, पण जी६पीडी कमी असेल किंवा मेथिलीन ब्लू मिळत नसेल तेव्हा, आणि त्याचा परिणाम फार हळू होतो. ३४ टक्क्यांवर दम लागलेल्या माणसाला थांबायला सांगणार का? आणि रंगाचं म्हणाल तर, १८७६ मध्ये ते रंग म्हणूनच तयार झालं हे खरं. पण १८९१ मध्ये पॉल एर्लिक यांनी ते मलेरियाच्या रुग्णांना दिलंही होतं. औषध म्हणून ते आपल्या पणजोबांच्या काळातलं आहे.

शाईपेन:
जुना रिपोर्ट सापडला, जी६पीडी नॉर्मल. दुसरा डोस झाला. आकडा खरंच खाली आला होता, पण रात्रपाळीताईंमुळे मी आरडाओरडा केला नाही. आताचं मेथहिमोग्लोबिन ९ टक्के. डॅप्सोन बंद, त्वचेच्या डॉक्टरांना उद्या दुसरं औषध विचारणार. दातदुखीसाठी ती बेन्झोकेनचं जेल लावते, ते चालेल का?

भूलवाला:
नको. तेही मेथहिमोग्लोबिन वाढवणाऱ्या औषधांच्या यादीतलं आहे. डेंटिस्टलाही हे सगळं सांगून ठेवा, प्रिलोकेनची बधिर करायची सुई टाळतील, तीही त्याच यादीतली.