मदत हवी आहे: शनिवारी कोलंबसला मॅच, हॉटेलचं बुकिंग रद्द झालंय

रंकाळाकाठ | रविवार, २४ नोव्हेंबर २०२४, रात्री ११.०५

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. शनिवारच्या मॅचला आम्ही दोघं जातोय. तिकिटं काढून झालीत, सी डेकची, म्हणजे स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या मजल्याची. दीड महिन्यापूर्वी केलेलं हॉटेलचं बुकिंग आज दुपारी हॉटेलवाल्यानं परस्पर रद्द केलं. फोन केला तर "सिस्टीममध्ये दिसत नाही" एवढंच. आता जे काही शिल्लक आहे ते एका रात्रीचे चारशे-पाचशे डॉलर मागतायत. राहायचं कुठे? दुसरं, आपल्या टीमचे कपडे घालून जावं का? तिकडच्या लोकांबद्दल नाही नाही ते ऐकलंय. तिसरं, पार्किंग. कुणी जाऊन आलं असेल तर लवकर सांगा.

विद्युल्लता | रात्री ११.२०

कुठली मॅच? कुठून कुठे जाणार? दोघं म्हणजे कोण? एवढं तरी लिहा हो.

रंकाळाकाठ | रात्री ११.२४

शनिवारची म्हणजे मिशिगन-ओहायो स्टेट, या दोन विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची, ओहायोतल्या कोलंबसला. दुसरी कुठली असणार! मी मिशिगनचा, २०११ चा एमएस. राहतो कँटनला.

गणूमामा | रात्री ११.४०

मग हॉटेल हवं कशाला? कँटन ते कोलंबस दोन तासांचा रस्ता. सकाळी निघा, रात्री घरी. आणि कँटनलाच राहता तर प्रो फुटबॉलचं हॉल ऑफ फेम पाहिलंत का? आम्ही पाहुण्यांना नेहमी नेतो. अर्धा दिवस सहज जातो, मुलांना तर फारच आवडतं.

रंकाळाकाठ | रात्री ११.४३

मामा, ते कँटन ओहायोतलं. मी कँटन, मिशिगनला असतो, ॲन आर्बरच्या शेजारी. सव्वातीन तास तरी लागतात. कृपया हॉटेलचं बोला.

नोव्हीकरीण | सोमवार, २५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

आम्ही २०२२ ला गेलो होतो, ४५-२३ नं जिंकलो ती मॅच. डोळे झाकून फिंडलेला मुक्काम करा. टोलेडोपर्यंत २३ नंबरचा हायवे, मग आय-७५ नं फिंडले, अर्धा रस्ता संपला. तिथे मॅचचा भाव नसतो, साधा हायवेचा भाव असतो. सकाळी साडेसातला निघालात तर कॅरी, अप्पर सँडस्की, मॅरिअन करत आरामात पोचाल. डेलावेअर गावापाशी सिग्नल लागतात, तिथे पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरा. आणि त्या रस्त्यावर वेगमर्यादा पाळा. पिवळा एम लावलेली मिशिगनची गाडी लांबून ओळखू येते.

कपडे अर्थात आपलेच घालायचे! मी मेझ, म्हणजे मिशिगनचा पिवळा, स्वेटशर्ट घालून चार तास बसले होते. शिव्या पडल्या, अंगाला कुणी बोट लावलं नाही.

डब्लिनकर | सकाळी ७.३०

आधीच सांगतो, मी लाल पक्षाचा. ओहायो स्टेटला शिकलो, कोलंबसजवळच्या डब्लिनला अकरा वर्षं राहतोय. पण पाहुण्याला मदत करणार.

दुपारी १२ ला किक-ऑफ आहे. थँक्सगिव्हिंगचा वीकेंड असल्यामुळे कँपसजवळच्या हॉटेलांवर सगळ्यांची झुंबड असते. उलट डब्लिन आणि पोलॅरिसकडची ऑफिसवाल्यांची हॉटेलं या दिवसांत ओस असतात. तिथे बघा. फिंडलेपेक्षा ते बरं, कारण सकाळी दीड तास गाडी हाकून कोण येणार?

कपड्यांबद्दल ताईंशी सहमत नाही. २०२२ ला तुम्ही जिंकलात, गेल्या वर्षीही जिंकलात, त्याआधी २०२१ लाही. तीन वर्षांचा राग साठलाय. या आठवड्यात कँपसवर दिसेल त्या पाटीवरच्या एम वर लाल फुली मारलेली असते. लोक मिशिगन हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत, "वरच्या गावची टीम" म्हणतात. स्टेडियमच्या आत ठीक आहे, पण स्टेडियमजवळच्या लेन अव्हेन्यूवर सकाळपासून बिअर चाललेली असते. तिथून जाताना वरून साधा कोट घाला.

सी डेकचं मात्र कळलं नाही. दोघं म्हणजे कोण? सी डेकला जिने फार आहेत.

इलिनॉयकर | सकाळी ९.१५

मी वेगळंच सुचवतो. बाहेरगावी जाऊन बघण्यासारखं एकच मैदान, आयोवा सिटीचं किनिक. २०२२ च्या ऑक्टोबरात मिशिगनच्याच मॅचला गेलो होतो. पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, खेळाडू आणि पंचांसकट, शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळतं आणि हात हलवतं. वरच्या मजल्यावर काचेला चिकटून ती आजारी मुलं उभी असतात, तीही हात हलवतात. माझ्या शेजारचा सहा फुटी बाप्या ढसाढसा रडत होता. २०१७ पासून चालू आहे हे. हॉटेलं स्वस्त, माणसं प्रेमळ. शिवाय या वर्षी मिशिगनचे सहा विजय, पाच पराभव. कोलंबसला दुसऱ्या नंबरची टीम आहे. मार खायला चारशे डॉलर घालून थंडीत कशाला जाता?

नोव्हीकरीण | सकाळी ९.२५

किनिकचं खरंच सुंदर आहे, पण मॅच शनिवारची आहे आणि तिकिटं काढलेली आहेत.

रंकाळाकाठ | दुपारी १.१०

कामात होतो. दोघं म्हणजे मी आणि वडील. ऑक्टोबरात आलेत, डिसेंबरच्या १० तारखेला परत. वय ७१, मार्चमध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, पण जिना चढताना थांबत थांबत.

इलिनॉयकर, आण्णा कोल्हापूरचे. पीटीएमची, म्हणजे मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमची, एकही मॅच चुकवली नाही त्यांनी. दिवाळीत गडहिंग्लजला स्पर्धा असायची, मला यष्टीनं घेऊन जायचे, मी सात-आठ वर्षांचा असेन. आपली टीम हरली तर परतीच्या यष्टीत आजऱ्याच्या लोकांची बोलणी ऐकत उभ्यानं यायचो. दुसऱ्या वर्षी पुन्हा जायचो. सहा-पाच असल्यामुळे आम्ही जाणार नाही असं होणार नाही.

विद्युल्लता | दुपारी १.१८

अहो, ७१ वय आणि गुडघ्याचं ऑपरेशन हे पहिल्या ओळीत लिहायचं! आता सगळी उत्तरं बदलली.

डब्लिनकर | दुपारी १.४०

हो, बदललीच. सी डेक आजच्या आज विका. ही मॅच आहे, अर्ध्या तासात जाईल. त्या पैशांत थोडी भर घालून बी डेक घ्या. बी डेकवर सी डेकचं छप्पर येतं, वारा आणि बर्फ दोन्ही अडतं. बहुतेक ठिकाणी पाठ नसलेले ॲल्युमिनियमचे बाक आहेत, बर्फासारखे गार. बसायला जाड काहीतरी हवंच. चढायला मदत लागली तर लाल कोट घातलेली माणसं असतात, त्यांना रेड कोटच म्हणतात. त्यांना सांगा, ते वाट दाखवतात.

बॅग पारदर्शकच लागते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. गोळ्या खिशात ठेवा, गाडीत नको.

आणि एक करा. मॅचच्या साधारण दोन तास आधी सेंट जॉन अरीनात बँडची तालीम असते, स्कल सेशन. आत असते, फुकट असते, उबदार असतं. नुसता पितळी वाद्यांचा आणि ड्रमचा बँड, बासरी-क्लॅरिनेट काही नाही. आण्णांना बसायला मिळेल.

पेठकर७३ | दुपारी २.३०

पीटीएम वाचलं आणि लॉगिन केलं. मी शिवाजी पेठेचा, शिवाजी तरुण मंडळाचा. आण्णांना नमस्कार सांगा! शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्यावर जे असतं ते ज्यानं पाहिलंय त्याला कोलंबसची भीती घालू नका. तुमच्या हॉटेलचं मला काही माहीत नाही.

गणूमामा | दुपारी ३.०५

एक विचारतो, राग मानू नका. कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्या माणसाला हे हातात चेंडू घेऊन पळणं आवडेल का? कोलंबसमध्ये खरा फुटबॉलही आहे. कोलंबस क्रू गेल्या डिसेंबरात लीगची चँपियन झाली. ती मॅच दाखवा.

पेठकर७३ | दुपारी ३.२०

मामा, क्रूचा सीझन संपलाय. आणि "खरा" काय? हा अमेरिकन फुटबॉल रग्बीतून आला. १८८० च्या सुमाराला वॉल्टर कँप नावाच्या माणसानं स्क्रिमेजची रेघ, म्हणजे दोन्ही टीम जिच्या दोन बाजूंना उभ्या राहतात ती, आणली, मग डाउन, म्हणजे मोजके प्रयत्न, आले. आण्णांना एवढंच सांगा: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याला. बाकी पेठेतल्या माणसाला आपोआप कळतं.

नोव्हीकरीण | दुपारी ४.००

दहा यार्डांवरून आठवलं. २०१६, कोलंबस, दुसरा ओव्हरटाइम, चौथा डाउन, एकच यार्ड हवा होता. ओहायो स्टेटचा बॅरेट त्या यार्डाच्या रेघेच्या अलीकडे पडला होता. सगळ्या जगानं पाहिलं. पंचांनी फर्स्ट डाउन दिला, म्हणजे चेंडू त्यांच्याकडेच राहिला, आणि आम्ही ३०-२७ हरलो.

डब्लिनकर | दुपारी ४.१२

रेघेवर होता. रिप्लेतही निर्णय बदलला नाही. आठ वर्षं झाली, ताई.

नोव्हीकरीण | दुपारी ४.१५

ऐंशी झाली तरी नव्हता.

विद्युल्लता | दुपारी ४.३०

धागाकर्त्याला हॉटेल हवंय. आण्णांच्या नावानं व्हिजिटर इन्शुरन्स आहे ना? कार्ड बरोबर ठेवा. बाकावरून उठताना घसरले तर कुठे धावाल? आणि त्यांना कपडे एकावर एक तीन थर घाला. पायमोज्यात हँड वॉर्मरच्या पुड्या ठेवा, गुडघा गारठला की दुप्पट दुखतो. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं झालंय, अनुभवानं सांगतेय.

रंकाळाकाठ | रात्री ९.५०

सर्वांचे आभार. सी डेक विकलं, बी डेकची दोन मिळाली, खालच्या बाजूची. एकूण दीडशे जास्तीचे गेले. पोलॅरिसला बघितलं, शुक्रवारी रात्रीचे २१० सांगतायत. फिंडले ९५ ला मिळालं, तेच घेतलं. आण्णा पहाटे चारला उठतातच. कपड्यांचं अजून ठरेना. ते म्हणतात, "टोपी पिवळीच घालणार."

डब्लिनकर | रात्री १०.०५

मग घालू द्या. ७१ वर्षांच्या माणसाला कुणी काही बोलणार नाही. तुम्ही मात्र कोट घाला.

रंकाळाकाठ | रविवार, १ डिसेंबर, दुपारी ३.४०

रात्री उशिरा पोचलो, आत्ता उठून लिहितोय.

१३-१०. जिंकलो.

थंडी शून्याच्या खाली होती. सकाळी बँडच्या तालमीला गेलो. आण्णा पहिल्या पाच मिनिटांत ताल धरून बसले. मॅचच्या आधी तोच बँड मैदानावर चालत चालत "ओहायो" अशी मोठ्ठी इंग्रजी अक्षरं काढतो आणि शेवटी एक सूझाफोनवाला (अंगाभोवती घालायचं मोठं पितळी वाद्य) ऐटीत जाऊन आय वरचा टिंब होतो. सगळं स्टेडियम किंचाळलं. आण्णांनी त्या टिंबासाठी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, ते विरोधी आहेत. म्हणाले, "वाजवणारा चांगला वाजवतोय की."

शेजारी एक म्हातारे आजोबा होते, लाल जाकीट, ऐंशीच्या पुढचे असतील. आण्णांचं बाकावर सारखं बूड हलतंय बघून त्यांनी आपली घडीची गादी अर्धी इकडे सरकवली. दोघं साडेतीन तास एका गादीवर. आण्णांचं इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठीचा गंध नाही. त्यांच्या टीमनं फील्ड गोल (किक मारून खांबांमधून चेंडू घालायचा तो) चुकवला, एकदा नाही, दोनदा, की आजोबा कपाळावर हात मारायचे आणि आण्णा त्यांच्या गुडघ्यावर थोपटायचे.

हाफटाइमला १०-१०. शेवटच्या चढाईत आमचा मलिंग्ज २७ यार्ड पळाला तेव्हा आण्णा काठी सोडून उभे राहिले होते. ४५ सेकंद उरलेले असताना आमच्या झ्वाडानं फील्ड गोलची किक मारली, २१ यार्डांवरून. चेंडू आत गेला तेव्हा आमच्या आजूबाजूला एवढी शांतता होती की आण्णांची शिट्टी खालपर्यंत गेली असेल. तीच, दोन बोटांची, शाहू स्टेडियमची. मी त्यांचा हात धरला, म्हटलं आण्णा, हळू. आजोबांनी मान हलवली, हात पुढे केला, आण्णांनी तो दोन्ही हातांत घेतला.

त्यानंतर खाली जे झालं ते बातम्यांत बघितलंच असेल. आमच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा नेला, मारामारी जुंपली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. मला ते आवडलं नाही. जिंकलो होतो, निघून यायचं होतं. आम्ही वरच होतो. एका रेड कोटनं सांगितलं, गर्दी उतरेपर्यंत बसा. पाऊण तास बसलो. गुडघा ठीक आहे. रात्री तेल लावून दिलं.

डब्लिनकर, मनापासून आभार. कोट घातला होता.

डब्लिनकर | संध्याकाळी ५.१०

चौथं वर्ष. आज जेवण गेलं नाही. आण्णा सुखरूप पोचले हे वाचून बरं वाटलं.

पेठकर७३ | संध्याकाळी ५.३०

शिट्टीचं वाचून अंगावर काटा आला. आण्णांना सांगा, शिवाजी पेठेकडून मुजरा.

विद्युल्लता | संध्याकाळी ६.००

सगळं वाचलं. पण गाडी शेवटी कुठे लावली ते राहिलंच. पुढे कुणाला लागेल.

रंकाळाकाठ | संध्याकाळी ६.१२

लेन अव्हेन्यूच्या वरच्या अंगाला एका घराच्या अंगणात, साठ डॉलर रोख. तिथून चालत पंधरा मिनिटं, आण्णांबरोबर तीस. गाडी लावताना एक करा: रस्त्याकडे तोंड करून लावा आणि मागे कुणाला लावू देणार नाही असं आधीच कबूल करून घ्या. आमच्या शेजारची गाडी साडेसहापर्यंत अडकून होती.