लांज्याला दोन एकर: गवत नेमकं काढायचं कधी?

माणदेशी_मळेकरी

रामराम मंडळी. सासुरवाडीची लांजा तालुक्यातली दोन एकर जागा यंदापासून आम्हीच बघायचं ठरलंय. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, हापूसची कलमं, उताराला काजू, तळाला एक पडीक खाचर. माझा जन्म फलटणच्या बाजूला गेला. आमच्याकडं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही नशिबात असला तर. उन्हाळ्यात खोल नांगरट टाकली, हरळी-कुंद्याच्या काशा एप्रिल-मेच्या उन्हात वाळल्या, की निम्मं काम झालं. पाण्याखालच्या रानात उगवेल त्याला खुरपणी आहे, कोळपणी आहे.

इथं ऑगस्टात येऊन पाहिलं तर कलमांचे बुंधे दिसंनात. गवत छातीला लागतंय, मधी मधी बोटाएवढ्या खोडाची झुडपं. गावातला गडी म्हणतो, "आता नको, गणपती होऊंद्या." टाळतोय का खरंच तसं असतं? माझ्या डोक्यात जेसीबी आहे, एकदाच चकाचक करून टाकावं. नाहीतर तणनाशक. आणि घरापुढं लॉन करायची आमच्या मंडळींची हौस आहे, ती जमंल का तेही सांगा.

कातळावरची

गडी टाळत नाहीय हो. बागेतलं गवत जुलैत काढलंत तर पाणी भरपूर असतं, ते दीड महिन्यात परत कंबरेला येतं आणि मजुरी दोनदा जाते. इथून पाऊस जातो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. त्याच्या थोडं आधी काढलेलं गवत पुन्हा फारसं उठत नाही, कारण खालची ओलच आटत जाते. मात्र 'गणपतीनंतर' म्हणजे दिवाळी नव्हे. फुलोऱ्यात आहे तोवर पाडायचं. बी गळलं की पुढच्या वर्षाची पेरणी आपणच केली. शिवाय उशिरा ते आडवं लोळतं, गवत कापायच्या मशीनला गुंडाळतं आणि माणूस कापण्यापेक्षा सोडवण्यातच दिवस घालवतो.

अंगण, पाखाडी, विहिरीची वाट एवढं गणपतीआधीच बेणून, म्हणजे गवत कापून साफ करून, घ्यायचं. मुंबईकर यायचे असतात, विसर्जनाला वहाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) जायचं असतं. कलमांना कल्टार (मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषध) घालणार असाल तर ते १५ जुलै ते १५ ऑगस्टमध्ये घालतात, त्याआधी आळ्यातलं तण निघालं पाहिजे. यंदाची वेळ गेली, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा.

आणि दोन एकर म्हणजे एकच जागा समजू नका. सड्यावर वीतभर माती, खाली जांभा. तिथलं गवत बुटकं, पाऊस थांबला की लगेच पिवळं पडतं, ते आधी काढा. खाचरात माती खोल, ओल डिसेंबरपर्यंत, तिथे डोक्याएवढं वाढतं आणि हिरवं राहतं, ते शेवटी. सगळं एका दिवशी उरकायला गेलात तर एक टोक वाळून गेलेलं असेल आणि दुसरं अजून चिखलात.

जेसीबी मनातून काढा. तुमच्याकडे उघडी माती उन्हात भाजते, तेच तुमचं औषध. इथे मेमध्ये उघडी केलेली माती जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर वहाळात जाते. ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत, तोही उतारावर! एकदा जांभा बोडका झाला की काजूसुद्धा धरत नाही. म्हणून आम्ही गवत उपटत नाही, कापतो, चार बोटं खुंट ठेवून. उतारावर सरसकट तणनाशक मारलंत तरी तेच होणार, वर मोकळ्या जागेत पहिली घुसते रानमोडी, म्हणजे झुडपासारखं माजणारं तण. तुम्ही पाहिलेली झुडपं बहुधा तीच. ती मात्र मुळासकट काढायची, पावसातच, माती मऊ असते तेव्हा हाताने ओढली तरी येते. डिसेंबरात ओढून बघा, खांदा निखळेल पण ती येणार नाही.

शिवाय जेसीबीवाला ऐन, किंजळ, खैर, जांभूळ काही बघत नाही. ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली आहेत, परवानगीशिवाय पडली तर कागदं तुमच्या नावावर.

मोहाखालचा

ताईंनी आगीचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी गडचिरोलीकडचा. आमच्याकडे पाऊस तुमच्या दोघांच्या मधला. गवत वाळतं तेही सावकाश, पण मार्चमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पुढे जंगलात जाते. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, त्याच्या आधी तयार लागतात. कोकणात हे कधी करायचं?

कातळावरची

बरं आठवण केलीत. आमचा सडा डिसेंबरातच पेट घेण्याजोगा होतो. कुणी विडी टाकली तरी पुरते, नि वारा असला तर वणवा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) ओलांडायला वेळ लावत नाही. म्हणून गवत काढून झालं की गडग्याच्या आतून दोन-तीन मीटरचा पट्टा पार झाडून घ्यायचा, पानसुद्धा ठेवायचं नाही. कापलेलं गवत कलमांच्या आळ्यात पसरा, ओल टिकते. फक्त बुंध्याला टेकवू नका, वाळवी लागते. आणि पट्ट्याजवळ ढीग नको. काजूखाली फेब्रुवारीच्या आत पुन्हा एक हात फिरवायचा, नाहीतर पडलेली बी पाचोळ्यात शोधत बसाल.

मशीनचं: कोवळ्या गवताला नायलॉन दोरी, झुडपांना पातं. सड्यावर पातं लावू देऊ नका, जांभ्यावर आपटून खडा गोळीसारखा सुटतो. डोळ्यांना जाळी, पायात गमबूट. फुरसं, तो छोटा विषारी साप, गवतात दिसत नाही.

एडिसनकर

लॉनबद्दल, न्यू जर्सीहून. इथलं थंडीतलं गवत एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोमात, भर उन्हाळ्यात झोपतं. तेव्हा पाणी नाही घातलं तरी पिवळं पडून पावसाने परत उठतं. कापताना एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच घ्यायचा, तीन इंच उंची ठेवायची. माझा भाऊ ह्यूस्टनला आहे, त्याला मात्र उन्हाळाभर कापावंच लागतं. फार वाढलं तर टाउनशिपची नोटीस येते, हौस वगैरे काही नसते त्यात!

कातळावरची

लांज्यात जून ते सप्टेंबर लॉनला ऊनच नसतं, शेवाळ धरतं, लॉनमोवर चिखलात रुततो. मेमध्ये विहीर तळाला गेलेली असते तेव्हाच लॉनला रोज पाणी हवं. त्यापेक्षा अंगण सारवा, कडेने अबोली लावा. वहिनींना राग येणार असेल तर माझं नाव सांगा.

माणदेशी_मळेकरी

सगळ्यांचे आभार. जेसीबी रद्द. गड्याला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सड्यापासून सुरुवात करायला सांगितलंय, तो म्हणाला "मी तेच तर सांगत होतो." मशीन त्याचं आहे, पेट्रोल कुणाचं हे अजून बोललो नाही.

कातळावरची

ते आजच बोला. आणि पावसाने दिवस मोडला तर अर्धी हजेरी की पूर्ण, तेही.