रानगहू पीक कसा झाला
‘कुणीतरी बी पेरलं आणि शेती सुरू झाली’ हे नेहमीचं विधान अपुरं आहे. पश्चिम आशियातल्या रानगव्हाची ओंबी पिकली की तिचा कणा सांध्यासांध्यांत तुटतो, दाणे जमिनीवर सांडतात. मोजक्या झाडांत जनुकीय बदलामुळे तो तुटत नाही. पिकल्यावर विळ्याने कापणी केली तर हाती जास्त येतात ती हीच. त्यांचं बियाणं नव्या जमिनीत पेरत गेलं की प्रमाण वाढतं. मात्र ओंब्या हिरवट असताना कापल्या तर ही निवड होतच नाही, आणि टोपलीत झोडपल्या तर उलट कणा तुटणाऱ्या झाडांचेच दाणे जास्त मिळतात. उत्खननातल्या जळक्या तुसांवर सांध्याचा व्रण बघा: रानगव्हाचा गुळगुळीत, पिकवलेल्याचा फाटका. हा बदल पक्का व्हायला हजारांवर वर्षं लागली, म्हणून शेतीच्या सुरुवातीसाठी वापरला जाणारा ‘क्रांती’ हा शब्द मला पटत नाही.