आईच्या गरम वाफा पाळीच्या नव्हत्याच, कार्सिनॉइड सिंड्रोम निघाला. इंजेक्शन, इको आणि दाढ, तीन शंका आहेत

कृष्णाकाठ_८५

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, सांगलीला असते. गेली तीनेक वर्षं तिचा चेहरा आणि गळा मधेच लालबुंद व्हायचा, पाचेक मिनिटांत आपोआप उतरायचा. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली तरी सगळे म्हणायचे पाळीचंच असतं हे, कुणाकुणाला उशिरापर्यंत राहतं. शिवाय दिवसाला सहा-सात वेळा जुलाब, त्यावर आयबीएस (आतड्याचा चिडकेपणा) म्हणून गोळ्या. लग्नाकार्याला जायचं सोडलंन् तिने, आधी बाथरूम कुठाय ते बघायचं आणि मगच बसायचं. शेवटी मूतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी केली तर लिव्हरवर गाठी दिसल्या. बायोप्सीत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ), ग्रेड १, केआय ६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचा आकडा) दोन टक्के, मूळ गाठ लहान आतड्याच्या शेवटाला. मामा ऐकल्याऐकल्या म्हणाला "इरफान खानला झालेला तोच ना", झालं, घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

आता ऑक्ट्रिओटाइडचं (गाठीचे हार्मोन दाबणारं औषध) ३० एमजीचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी चालू आहे, तीन झाली. लाली खूपच कमी आहे, जुलाब पण, पण चौथा आठवडा लागला की परत सुरू. हे नॉर्मल आहे का? आणि डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितलाय, तिला छातीत कधी दुखलेलं नाही, मग हार्टचा काय संबंध? तिसरं म्हणजे तिची एक दाढ काढायची आहे, ती काढून घेऊ का आत्ताच?

परळवारी

दादा, आमच्या मिस्टरांचं सेम, सात वर्षं झाली, आज सकाळी भाजी आणायला स्वतः गेलेत, ते मामांना सांगा. नाव एक असलं तरी न्यूरोएंडोक्राइनमधे कुठल्या अवयवात आणि कुठल्या ग्रेडचा यावर सगळं असतं. ग्रेड १ म्हणजे सावकाश वाढणारा.

आम्हाला डॉक्टरांनी असं समजावलेलं की गाठ सेरोटोनिन वगैरे बनवते, आतड्यातून ते आधी लिव्हरमधे जातं आणि लिव्हर ते मोडून टाकतं, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. लिव्हरमधेच गाठी झाल्या की तिथून थेट रक्तात. मग लाली, जुलाब, कुणाला दम्यासारखी घरघर, हाच कार्सिनॉइड सिंड्रोम. आणि रक्त तिथून पहिलं जातं कुठे, तर हृदयाच्या उजव्या बाजूला. तिथल्या झडपा जाड होतात, नीट मिटत नाहीत. पुढे फुप्फुसात हे रसायन बरंचसं निकामी होतं म्हणून डावी बाजू सहसा वाचते. छातीत दुखायची वाट बघू नका, त्यात बहुधा दुखतच नाही. यांच्या पायावर मोज्याचा वळ रात्रीपर्यंत राहायचा, अंगठ्याने दाबलं की खड्डा. मी म्हटलं जास्त बसून झालं असेल. इकोत ट्रायकस्पिड झडप (उजव्या बाजूचीच) गळत होती. तेव्हा इको कराच, आणि दरवर्षी करा.

चौथ्या आठवड्याचं आमचंही व्हायचं. डॉक्टरांना तारखा लिहून दाखवा, कधी अंतर कमी करतात, कधी मधे साधं छोटं ऑक्ट्रिओटाइड पोटावर टोचायला देतात. पण आधी जुलाब कसा आहे ते बघा. पाण्यासारखा, उपाशीपोटीही, रात्रीही, तर हार्मोनचा. तेलकट, भांड्याला चिकटणारा, वास मारणारा असेल तर तो या इंजेक्शनचाच प्रताप, स्वादुपिंडाचा रस कमी पडतो. त्याला जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. आम्ही वर्षभर दोन्ही एकच समजत होतो. पित्ताशयात खडे पण होतात याने, सोनोग्राफीत तेही बघायला सांगा.

अजून एक, २४ तासांच्या लघवीची ५-एचआयएए टेस्ट (सेरोटोनिन मोडून जे बनतं ते मोजतात) सांगितली तर आधी तीन दिवस केळं, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड बंद. आम्ही पहिल्यांदा भरली वांगी हादडून पाच लिटरचा कॅन फ्रिजमधे ठेवलेला 😀 रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिलं विचारलं, काय खाल्लं होतं. क्रोमोग्रॅनिन या रक्ताच्या टेस्टचं तसंच, ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलच्या गोळ्या चालू असल्या तर आकडा उगाच फुगतो. आपल्याकडे ती गोळी घरोघरी लोक चहाआधी घेतात आणि औषध म्हणून सांगतही नाहीत.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंट बघितल्याशिवाय सल्ला देत नाही, पण दाढेचं वाचून राहवलं नाही. आत्ताच्या आत्ता जाऊन काढू नका. दाताच्या भुलेच्या इंजेक्शनमधे बऱ्याचदा ॲड्रेनालिन असतं, आणि या गाठींना ॲड्रेनालिन, भीती, दुखणं, काहीही निमित्त पुरतं एकदम सगळा माल रक्तात ओतायला. बीपी धाडकन पडतं नाहीतर चढतं, अंग लाल, श्वास अडकतो, याला कार्सिनॉइड क्रायसिस म्हणतात. त्यात बीपी पडलं म्हणून नेहमीच्या सवयीने ॲड्रेनालिन दिलं तर कधीकधी आणखी बिघडतं, ऑक्ट्रिओटाइड हाताशी लागतं. दाढ निघेल हो, पण आधी कॅन्सरवाल्या डॉक्टरांचं पत्र घ्या, डेंटिस्टना दाखवा, आणि ऑक्ट्रिओटाइडची सोय असलेल्या ठिकाणी करा. लिव्हरची बायोप्सी, मोतीबिंदू, काहीही असो, भूल देणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं. आईंच्या पर्समधे कागद ठेवा.

गुळवेलप्रेमी

इंजेक्शनं किती वर्षं घेणार. काढा सुरू करा, रोज सकाळी केळ्याबरोबर. शरीर आपोआप शुद्ध होतं.

परळवारी

दादा केळ्याचं वर लिहिलंय. आणि लिव्हरमधे गाठी असलेल्या बाईला डॉक्टरांना न विचारता काढा नको, प्लीज.

दोन_चमचे_साखर

आमच्याकडे याच जातीची गाठ पण हार्मोन वेगळा, इन्शुलिन. मिस्टर पहाटे चारला उठून कपाट उघडून नुसते उभे, हाक मारली तर ओळख नाही, घामाने बनियन ओलं. साखरपाणी पाजलं की दहा मिनिटांत "मी इथे काय करतोय". सासूबाई अंगारा आणायला निघालेल्या, एका डॉक्टरांनी मानसिक म्हणून गोळ्या दिल्या, सहा महिने त्यात गेले. एकदा शेजारच्या काकांच्या ग्लुकोमीटरवर बघितलं तर ३४. मग ॲडमिट करून ७२ तासांची उपवासाची टेस्ट, चौदाव्या तासालाच ४१ आली आणि इन्शुलिन चढलेलं. दीड सेंटीमीटरची गाठ, स्वादुपिंडाच्या शेपटीला. काढली, संपलं. बहुतेक इन्शुलिनोमा (अशा इन्शुलिनच्या गाठी) साधे, म्हणजे कॅन्सर नसलेलेच असतात म्हणे. हे एवढ्यासाठी लिहिलं की ऑक्ट्रिओटाइड आमच्यासारख्यांत काहींची शुगर अजून पाडतं, म्हणून एकाचं औषध बघून दुसऱ्याने मागायचं नाही.

कृष्णाकाठ_८५

सगळ्यांचे आभार. डेंटिस्टची उद्याची अपॉइंटमेंट रद्द केली. आईला फोन करून जुलाब कसा ते विचारलं तर आधी लाजली, मग म्हणाली "चिकटतो रे, दोनदा पाणी टाकावं लागतं", म्हणजे तेही आहेच. पाय दाबायला लावला, खड्डा पडत नाही म्हणते, तरी इको शुक्रवारी करतोय. परळवारी, गॅलियमचा पेट स्कॅन (अशा गाठी शोधणारा) झालाय, गाठी चांगल्या उजळल्यात, त्यावरून ल्युटेशियम थेरपीचा (किरणोत्सर्गी औषध शिरेतून गाठींपर्यंत पोचवायचं) विषय काढलाय डॉक्टरांनी. तुमच्याकडे ती झाली का?

परळवारी

झाली, परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटरला, चार डोस. २८ दिवसांचं इंजेक्शन त्याच्याआधी काही आठवडे थांबवतात, तेव्हा जुलाब वाढतात, मधल्या काळाचं छोटं इंजेक्शन लिहून घ्या. आणि हो, २८ दिवसांचं ते फ्रिजमधून काढून अर्धा तास तरी बाहेर ठेवायला सांगा नर्सला. आमचं एकदा गारच कालवलं, सुई चोक, हजारोंचं औषध गेलं.

कृष्णाकाठ_८५

अर्रर. आमची नर्स फ्रिजमधून काढून लगेच देते. सोमवारी मीच जातो.