जुन्या छोट्या सीएनसी लेथवर पहिला जॉब: ईएन८ ची पिन, २५ एच७

उद्यमनगर_टर्नर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं शेड आहे. वडिलांच्या काळापासूनच्या दोन सेंटर लेथ आहेत, मी कळंब्याच्या आयटीआयला टर्नर ट्रेड केलाय. आता एक वापरलेली छोटी सीएनसी लेथ घेतली. फॅनुकचा कंट्रोल, आठ टूल बसणारा फिरता टरेट, जॉब पकडायला १६५ चा हायड्रॉलिक चक, टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा आधार) नाही. लेव्हल करून झाली, हवेत सगळं नीट फिरतंय. चकमध्ये जॉब धरून अजून चालवलेली नाही.

जॉब साधा आहे. गुऱ्हाळाच्या चरकाच्या गिअरची पिन. ४० चा ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) बार, सगळी मापं मिमीत. हेड ३६ व्यास, १२ जाड. पुढं २५ एच७ (शाफ्टचा छोटा एच, म्हणजे २५ पेक्षा किती बारीक चालेल त्याची मर्यादा), लांबी ४८. टोकाला १.५ चा चँफर. बारचे ६४ चे तुकडे कापून आणलेत. रफिंगला ०.८ नोजचा (नोज म्हणजे टिपेची गोलाई) सीएनएमजी इन्सर्ट, फिनिशला ०.४ चा डीएनएमजी. प्रोग्राम असा:

टी०१०१
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स४२. झेड२.
जी७१ यू१.५ आर०.५
जी७१ पी१० क्यू२० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२
एन१० जी०० एक्स२२.
जी०१ झेड०. एफ०.१
एक्स२५ झेड-१.५
झेड-४८.
एक्स३६.
झेड-६२.
एन२० एक्स४२.

मग दुसरं टूल, तेवढाच स्पीड, जी७० पी१० क्यू२०. (जी७१ रफिंगची सायकल, जी७० फिनिशची.)

शेजारच्या एका शेडमध्ये टरेट चकवर आदळला आणि मशीन लई दिवस उभी राहिली, त्यामुळं वडील काळजीत आहेत. हे चालेल का? आणि पहिल्याच पिनला एच७ मिळवायचं तर कसं जायचं?

पॉवरलूम_पार्ट्स_इचलकरंजी

प्रोग्राम ठीक वाटतो. ग्राफमध्ये सिम्युलेशन बघ, आकार बरोबर आला की चालव. पहिला तुकडा गेला तर गेला, बार काय महाग नाही.

सेटर_गोकुळ_शिरगाव

भावा, तुकड्याची काळजी नाहीच. टरेट आणि स्पिंडलची आहे. ग्राफला प्रोग्राम कळतो. चकचे जॉ कुठपर्यंत आलेत, टूल किती बाहेर आहे, ऑफसेटच्या (टूलची टिप कुठं आहे हे कंट्रोलला सांगणाऱ्या) पानावर काय आकडा पडलाय, हे त्याला कळत नाही. आजवर एवढ्या पोरांना मशीनवर उभं केलं, त्यांच्या पहिल्या जॉबच्या धडका मी पाहिल्यात त्या जवळजवळ सगळ्या ऑफसेटच्या नाहीतर पॉइंटच्या.

पॉइंटचं, म्हणजे दशांश चिन्हाचं, आधी बघ. चँफरच्या ओळीत तू 'एक्स२५' लिहिलंयस, पुढं पॉइंट नाही. कंट्रोलच्या सेटिंगप्रमाणं त्याचा अर्थ २५ मिमीसुद्धा होतो आणि २५ मायक्रॉनसुद्धा. दुसरा अर्थ लागला तर टूल थेट सेंटरकडं निघालं. तुझं सेटिंग काय आहे ते शोधत बसू नको, प्रत्येक आकड्याला पॉइंट दे.

दुसरं, जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा) आहे आणि जी५० (आरपीएमला कमाल मर्यादा घालणारा) नाही. कटिंग स्पीड कायम ठेवायचा तर व्यास कमी होईल तसा आरपीएम वाढतो. १८० मीटरला ४० व्यासावर साधारण १४३० आरपीएम येतात, १० व्यासावर ५७३० होतात, आणि फेसिंगला टूल सेंटरकडं जातं तसं मशीनच्या कमाल आरपीएमपर्यंत पळतं. जी९६ च्या आधी 'जी५० एस१८००' टाक, दोन्ही टूलना. २५ व्यासावर त्यामुळं स्पीड १४० मीटरच्या आसपास येईल. पहिल्या जॉबला काही बिघडत नाही.

तिसरं, ६४ चा तुकडा. तुझा प्रोग्राम झेड-६२. पर्यंत जातो, वर फेस मारायचा, जॉपासून थोडं अंतर ठेवायचं, म्हणजे चकमध्ये २ मिमीसुद्धा उरत नाहीत. टेलस्टॉक नाही. काळ्या बारवर कडक जॉनं एवढ्याशा पकडीत १.५ चा कट नको. १२० चा तुकडा घे, ४० आत धर, ८० बाहेर. पिन झाली की पॉवर हॅक्सॉवर काप, हेडचा मागचा फेस नंतर मार. पार्टिंग टूल पहिल्या दिवशी टरेटवर लावूच नको, एक टूल कमी म्हणजे एक धोका कमी.

आता ऑफसेट. एक नंबर टूलनं हँडलवर फेसला हलका कट घे, झेड न हलवता फक्त एक्समध्ये बाहेर ये, स्पिंडल थांबव, जॉमेट्रीच्या पानावर झेड०. टाकून मेजर दाब. मग व्यासावर हलका कट घे, एक्स न हलवता झेडमध्ये मागं ये, मायक्रोमीटरनं मोज, जो आकडा येईल तो एक्समध्ये टाकून मेजर. सेंटर लेथवाल्या माणसाला हे सोपंच आहे, हाताला कट कळतो. दोन नंबर टूल त्याच फेसला नुसतं टेकव, फेस परत कापू नको, नाहीतर दोघांचं शून्य वेगळं होईल. व्यासावर मात्र हलका कट घेऊन नव्यानं मोज.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे सोडू नको. एमडीआयमध्ये (हातानं एकेक ओळ टाकून चालवायचा मोड) टी०१०१ बोलाव, रॅपिड २५ टक्क्यांवर, जी०० झेड५०. दे. थांबल्यावर स्टीलची पट्टी घे आणि फेसपासून टिपपर्यंत मोज. ५० आहे का? दोन्ही टूलना हे कर. मग प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ) लाव, डावा हात फीड होल्डवर (टूलची चाल थांबवणारं बटण) ठेव आणि स्क्रीनवर 'डिस्टन्स टू गो' उघडं ठेव. टूल झेड२. कडं येताना फेसपासून अंदाजे दोन बोटांवर आलं की फीड होल्ड दाब. डोळ्याला ३०-३२ दिसतंय आणि स्क्रीन म्हणते अजून ३० जायचंय, तर दोघांचं जुळलं. डोळ्याला ३० आणि स्क्रीनवर ८०, तर रीसेट. ह्या एका सवयीनं मशीन वाचते. प्रत्येक टूलच्या पहिल्या उतरणीला हे करायचं. पोरं पहिल्या टूलला करतात आणि दुसऱ्याला विसरतात.

साइजचं सांगतो. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २४.९७९. २४.९९ वर नेम धर, प्रोग्रामात त्या व्यासाला एक्स२४.९९ लिही. जी७१ मध्ये तू फिनिशला व्यासावर ०.४ ठेवलेत. पहिल्या तुकड्याला दोन्ही टूलच्या वेअरमध्ये (ऑफसेटमधली बारीक दुरुस्ती) एक्सला अधिक ०.४ टाक. रफ होईल, फिनिश होईल, पिन मुद्दाम ०.४ जाड राहील. मोज. जो फरक दिसेल तो फिनिश टूलच्या वेअरमधून वजा कर आणि फक्त दोन नंबर टूल परत चालव. ह्यात मेख अशी की फिनिशचा कट दोन्ही वेळा बाजूला ०.२ चाच पडतो. टूलवर दाब तोच, म्हणून साइज विश्वासाची येते. शेवटी दोन-दोन शतांश खरवडत बसलास तर टिप कापत नाही, नुसती घासते, आणि आकडा रोज वेगळा येतो.

शिरोली_इन्स्पेक्शन

वरचं सगळं बरोबर. मोजण्याचं मी सांगते, कारण तुमची साइज नेमकी अडचणीच्या जागी आहे. जाड असताना ती २५-५० च्या मायक्रोमीटरवर मोजाल आणि पूर्ण झाल्यावर २४.९९ साठी ०-२५ चा घ्यावा लागेल. दोघांच्या शून्यात एक शतांशाचा फरक असला तर अर्धा टॉलरन्स तिथंच गेला. आधी दोन्हीवर २५ चा स्टँडर्ड किंवा स्लिप गेज मोजा, दोन्हीकडं तोच आकडा आला पाहिजे.

पिन कट संपल्या संपल्या मोजू नका. २५ चं स्टील २० अंशांनी गरम असेल तर सुमारे ६ मायक्रॉन मोठं दिसतं, आणि तुमच्याकडं सगळे मिळून २१ मायक्रॉन आहेत. कूलंट चालू ठेवा, हाताला गार लागली की पुसून मोजा. टोक, मधोमध आणि खांद्याजवळ, प्रत्येक ठिकाणी ९० अंश फिरवून. जुनी मशीन आहे, टेपर येतो का ते ह्याच पिनवर कळेल.

उद्यमनगर_टर्नर

काका, ताई, मनापासून धन्यवाद. १२० चा तुकडा धरला, पॉइंट आणि जी५० टाकले. पट्टीनं दोन्ही टूल मोजली. दोन नंबरला ५० च्या जागी ४७ आले! फेसला टेकवल्यावर मेजर दाबायच्या आधी हँडल हललं होतं. ऑफसेट परत घेतला, मग पुढं गेलो.

वेअर ०.४ ठेवून २५.४१ आला, हवा होता २५.३९. म्हणजे २४.९९ पासून ०.४२ जास्त, म्हणून फिनिश टूलचा वेअर ०.४ वरून वजा ०.०२ केला आणि दोन नंबर परत चालवला. गार झाल्यावर टोकाला २४.९९१, खांद्याजवळ २४.९८८. वडिलांनी स्वतःच्या मायक्रोमीटरनं परत मोजला, तोच आकडा.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चीप लांब दोरीसारखी येऊन चकला गुंडाळते, आम्ही इतकी वर्षं बिडाचीच कामं जास्त केली, तिथं भुकटी पडते. आणि पिन गिअरच्या बुशमध्ये शेवटपर्यंत बसत नाही, हेडपाशी केसभर फट राहते.

सेटर_गोकुळ_शिरगाव

झकास! ते ४७ पट्टीनं पकडलंस, तिथंच मशीन वाचली.

चीप रफिंगची का फिनिशची? रफिंगची असेल तर फीड ०.२ वरून ०.२५ कर, इन्सर्टचा चिप ब्रेकर त्या फीडला धरतो. फिनिशची थोडी लांब येणारच. कट चालू असताना हात किंवा हूक घालू नको, स्पिंडल थांबल्यावरच हुकानं काढ. ईएन८ ची चीप ब्लेडसारखी असते, बिडाच्या कामाची सवय असलेल्या माणसाला ते लक्षात राहत नाही. वडिलांनाही सांग.

फट नोजमुळं आहे. ०.४ नोजचं टूल खांद्याच्या कोपऱ्यात ०.४ ची गोलाई सोडणारच, आणि बुशची कड त्यावर चढून बसते. बुशच्या तोंडाला ०.८ चा चँफर असला की पिन बसेल. बुश बदलता येत नसेल तर गिऱ्हाइकाला विचारून कोपऱ्यात अंडरकट (छोटी खाच) दे. न विचारता देऊ नको, पिनचा सगळा ताण त्याच कोपऱ्यावर येतो.

वेअर शून्य कर असं कोणी सांगेल, ऐकू नको. फिनिश टूलचा वजा ०.०२ तसाच राहू दे, रफिंगचा ०.४ मात्र काढ, नाहीतर पुढच्या पिनला फिनिश टूलवर दुप्पट कट येईल. बॅच लागल्यावर सॉफ्ट जॉ (कापून हव्या मापाचे करता येणारे मऊ जॉ) ३६ ला बोअर करून घे, तेव्हा ६४ चे तुकडे कामाला येतील: आधी हेड, मग उलटून २५. पकड तेव्हा १२ चीच, पण पूर्ण गोलाईवर बसते. सुरुवातीला कट १ चा ठेव.